कवचाची वाढती किंमत

समुद्राच्या आम्लीकरणाचा विषय निघाला की एक छायाचित्रमालिका हमखास दाखवली जाते. सागरी फुलपाखरू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इवल्याशा गोगलगायीचे काचेसारखे पारदर्शक कवच खास तयार केलेल्या पाण्यात ठेवलेले असते. या शतकाच्या अखेरीस समुद्राचे पाणी जसे होईल असा अंदाज आहे, तसे ते पाणी. दिवसागणिक कवच पांढुरके होते, खडबडीत होते आणि ४५ दिवसांत जवळजवळ नाहीसे होते. त्यामागचे रसायनशास्त्र चोख आहे आणि सामान्य वाचकापर्यंत हा विषय पोचवण्यात या चित्रांचा वाटा मोठा आहे. तरीही ती अपुरी आहेत, असे माझे मत आहे. पाण्यात होते ते नुसते कवच. ते घडवणारा, त्याची डागडुजी करणारा, खाणारा-पोहणारा जीव आत नव्हता. जिवंत प्राणी कवच झिजू लागले तर आतून भर घालतो. त्यामुळे ‘कवचे विरघळणार की नाही’ एवढ्यावरच आपण थांबलो, तर जिवंत प्राण्याचे कवच शाबूत दिसले की सगळे ठीक आहे असे मानून मोकळे होऊ. कवच बांधण्याचा आणि टिकवण्याचा खर्च किती वाढतो आहे, आणि तो कोणाला झेपणार नाही, हे विचारायला हवे. गेल्या पंचवीस वर्षांतले पुरावे याच प्रश्नाकडे बोट दाखवतात.

मुळात घडते आहे ते असे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. माणूस दर वर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. तसे झाले नसते तर तापमानवाढ याहून वेगाने झाली असती. पण पाण्यात विरघळलेल्या या वायूचे कार्बोनिक आम्ल बनते आणि त्यातून हायड्रोजनचे आयन सुटतात. परिणामी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, शेतकरी माती-परीक्षणाच्या अहवालात पाहतो तोच सामू, सरासरी ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. ऐकायला ही घट क्षुल्लक वाटते. मात्र सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ. समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, मग एवढा गवगवा कशाला, असे काहीजण विचारतात. माणसाचे रक्तही अल्कधर्मी असते, त्याचा सामू साधारण ७.४. तो ७.२ वर आला तरी रक्त अल्कधर्मीच राहते, पण माणसाला अतिदक्षता विभागात हलवावे लागते. शरीराची यंत्रणा ज्या पातळीवर बेतलेली असते, तिथून झालेली घसरण शरीराला भोवते. सातची रेषा ओलांडली की नाही, याने त्याला फरक पडत नाही.

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो, कारण ती फरशी चुनखडकाची असते आणि आम्ल तिला खाते. समुद्रात असेच काही होत असेल अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षातली प्रक्रिया याहून आडवळणाची आहे. नव्याने आलेले हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेट आयनांना गाठतात आणि त्यांचे बायकार्बोनेट करून टाकतात. शंख-शिंपल्यांचे द्रव्य म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात कार्बोनेट भरपूर असेल तर कवच आपोआप टिकते; ते एका मर्यादेखाली गेले की उघडे पडलेले कवच पाण्यात उतरू लागते. या द्रव्याची दोन रूपे समुद्रात प्रामुख्याने आढळतात, कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट. त्यातले अ‍ॅरागोनाइट अधिक सहज विरघळते, आणि सागरी फुलपाखरांचे कवच नेमके त्याचेच असते. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो, म्हणून ध्रुवीय समुद्रात कार्बोनेट मुळातच कमी. खोल पाण्यात मेलेल्या जिवांच्या कुजण्यातून कार्बन साठलेला असतो, म्हणून तिथेही कमी. पाणी पृष्ठभागाशी कवचाला पोषक आणि एका खोलीनंतर मारक, अशी जी हद्द असते, ती आता वरवर सरकते आहे.

सागरी फुलपाखरू जवळून पाहिले की हा फटका त्यालाच आधी का बसतो ते कळते. ध्रुवीय समुद्रातले लिमासिना हेलिसिना फार तर सेंटीमीटरभर वाढते. पिल्ले मिलिमीटरच्या आतबाहेर असतात. गोगलगाय ज्या पायावर सरपटते, त्या पायाचेच याला दोन पंख झालेले आहेत, आणि ते हलवत ते पाण्यात अक्षरशः उडते. अन्न धरायला ते चिकट द्रवाचे, स्वतःपेक्षा कितीतरी मोठे जाळे पसरते आणि त्यात अडकलेले सूक्ष्म जीव जाळ्यासकट गिळते. दिवसा खोल जाते, रात्री वर येते. म्हणजे रोजच्या येरझारांत ते चांगल्या पाण्यातून वाईट पाण्यात आणि पुन्हा चांगल्यात असा प्रवास करते. किनाऱ्यावरच्या शिंपल्याला चिखलात गाडून घेता येते, खडकाच्या फटीत शिरता येते. खुल्या पाण्यातल्या जिवाला चहूबाजूंनी पाणीच. कवच जाड करावे तर ते बुडते, पातळ ठेवावे तर झिजते.

जेम्स ऑर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की उत्सर्जन असेच चालू राहिले तर दक्षिण महासागराचे पृष्ठजल २०५० च्या सुमारास अ‍ॅरागोनाइटला मारक ठरू लागेल. त्यांनी क्लिओ पिरॅमिडाटा या जातीची जिवंत सागरी फुलपाखरे तशा पाण्यात ठेवली, तर ४८ तासांतच कवचाच्या कडांवर झीज दिसली. मग हा प्रश्न प्रयोगशाळेतून बाहेर आला. नीना बेदनारशेक यांनी २००८ साली अंटार्क्टिकाजवळच्या स्कोशिया समुद्रात, खालचे पाणी वर येते अशा जागी, जिवंत सागरी फुलपाखरे पकडली. त्यांची कवचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कुरतडल्यासारखी दिसत होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी ‘पुढे कधीतरी’ हा शब्दप्रयोग मागे टाकायला लावला. त्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टनपासून कॅलिफोर्नियापर्यंत, २०११ च्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांत किनाऱ्यालगतच्या ५३ टक्के आणि दूरच्या पाण्यातल्या २४ टक्के सागरी फुलपाखरांच्या कवचावर गंभीर झीज आढळली. तिथे वाऱ्यामुळे वर येणाऱ्या खोल पाण्याचा हवेशी शेवटचा संपर्क सुमारे ५० वर्षांपूर्वी आला होता, असे रिचर्ड फीली यांच्या गटाने २००८ साली दाखवले होते. याचा अर्थ आज दिसणारी झीज जुन्या, तुलनेने कमी उत्सर्जनाची आहे. आपल्या काळातले पाणी वर यायचे आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप घेतला तो ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या व्हिक्टोरिया पेक यांनी. त्यांचे म्हणणे असे: सागरी फुलपाखराच्या कवचावर बाहेरून सेंद्रिय पापुद्रा असतो, आणि तो शाबूत असेपर्यंत पाणी मारक असले तरी खालच्या अ‍ॅरागोनाइटला धक्का लागत नाही. भक्ष्यकाच्या हल्ल्यात किंवा आपटल्याने तो फाटला, तरच त्या जागी झीज होते. आणि तिथेही प्राणी आतल्या बाजूने नवे द्रव्य चढवून भिंत जाड करतो. त्यांनी दाखवलेली काही कवचे तर दुरुस्तीच्या जागी मूळ कवचाहून जाड होती. या पुराव्यावर दोन्ही बाजूंनी बरीच चर्चा झाली आहे. माझ्या मते तो ग्राह्य धरावा आणि मग पुढचा हिशेब मांडावा. आतून भिंत चढवायला द्रव्य लागते, द्रव्य चढवायला ऊर्जा लागते, आणि ऊर्जा अन्नातून येते. दक्षिण महासागरात पृष्ठजल अ‍ॅरागोनाइटला मारक होण्याची सुरुवात हिवाळ्यात होईल, आणि तीही २०३० च्या दशकात, असे बेन मॅकनील आणि रिचर्ड मॅटिअर यांचा २००८ चा अभ्यास सांगतो. ध्रुवीय हिवाळ्यात सूर्यप्रकाश नसतो, सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत आणि सागरी फुलपाखरांच्या पिल्लांना खायला फारच थोडे मिळते. डागडुजीची गरज सर्वाधिक आणि शिधा सर्वांत कमी, असा हा ऋतू. दुरुस्ती करता येते हे पेक यांनी सिद्ध केले, पण ती फुकट होते असे त्यातून सिद्ध होत नाही.

खर्चाचा हा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसला तो मात्र कालवांच्या एका पैदास केंद्रात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात नेटार्ट्स बेच्या काठी असलेल्या व्हिस्की क्रीक केंद्रात २००७ पासून कालवांची पिल्ले लाखोंनी मरू लागली. आधी जिवाणूंवर संशय गेला. पुढे कळले की खाडीत येणारे खोल समुद्राचे पाणीच कारणीभूत आहे. कालवाचे पिल्लू पहिले कवच साधारण दोन दिवसांत बांधते, तेही अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर, कारण तोवर त्याला नीट खाताच येत नाही. कार्बोनेट कमी असलेल्या पाण्यात त्याच कवचाला जास्त ऊर्जा लागते. शिदोरी त्यातच संपते आणि पिल्लू खायला शिकण्याआधीच मरते. त्याचे कवच विरघळलेले नसते. खुल्या समुद्रात मिलिमीटरभर पिल्लाचा असा मृत्यू मोजायला कोणी नसते, म्हणून माणसाच्या डोळ्यांदेखत झालेल्या या मृत्यूंना महत्त्व आहे.

आणखी एक आक्षेप रसायनशास्त्राच्या आतूनच येतो आणि तो टाळून चालणार नाही. अनेक जीव कवचासाठी कार्बोनेट नव्हे तर बायकार्बोनेट आत घेतात, आणि आम्लीकरणात बायकार्बोनेट तर वाढते. मग कच्चा माल वाढला असताना तक्रार कसली? खुल्या समुद्रातल्या कॉकोलिथोफोर या एकपेशीय शैवालांवर नेमके याच कारणाने वादळ उठले. हे शैवाल अंगावर कॅल्साइटच्या नक्षीदार चकत्या बाळगते. उल्फ रीबेसेल यांच्या गटाने २००० साली सांगितले की कार्बन डायऑक्साइड वाढला की चकत्या बांधण्याचे काम मंदावते. आठ वर्षांनी डेबोरा इग्लेसियस-रॉड्रिग्ज यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये उलट निष्कर्ष मांडला: काम वाढते. दोघेही नामांकित, दोघांचे प्रयोग काळजीपूर्वक केलेले. पुढे लेनार्ट बाख यांनी सामू आणि बायकार्बोनेट स्वतंत्रपणे बदलून पाहिले, तेव्हा गुंता सुटत गेला. बायकार्बोनेट वाढले की बांधकाम सुधारते, हायड्रोजन आयन वाढले की बिघडते; दोन्ही परिणाम एकाच वेळी चालू असतात, आणि एका पातळीनंतर दुसरा पहिल्यावर मात करतो. याचे कारण बांधकामाच्या रीतीतच आहे. बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेट बनवताना हायड्रोजन आयन सुटतात, आणि ते पेशीत साठू दिले तर पेशीच मरेल. ते बाहेर टाकावे लागतात. बाहेरच्या पाण्यात आधीच त्यांची गर्दी असेल तर प्रत्येक आयन बाहेर ढकलणे अवघड होत जाते. म्हणजे कच्चा माल स्वस्त झाला, पण टाकाऊ माल बाहेर काढणे महाग झाले. फोरॅमिनिफेरा या कवचधारी एकपेशीय प्राण्यांतही, नवा कप्पा बांधताना पेशी हायड्रोजन आयन जोराने बाहेर फेकते आणि तिच्याभोवतीचे पाणी तेवढ्यापुरते आम्लतेकडे झुकते, हे २०१७ साली मोजून दाखवण्यात आले आहे.

या फोरॅमिनिफेरांनी आपल्याला एक दुर्मीळ गोष्ट दिली आहे: जुने नमुने. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या जगप्रसिद्ध सफरीत गोळा झालेली कवचे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत. लिंडसे फॉक्स आणि सहकाऱ्यांनी ती ‘तारा’ या फ्रेंच संशोधन नौकेने २००९ ते २०१६ या काळात प्रशांत महासागरातून आणलेल्या कवचांशी सीटी स्कॅन करून ताडून पाहिली. आजची कवचे सर्वच बाबतीत पातळ निघाली. निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटरट्राय या जातीत तर हा फरक ७६ टक्क्यांपर्यंत गेला. त्याआधी २००९ साली अँड्र्यू मॉय यांच्या गटाने दक्षिण महासागरातल्या ग्लोबिजेरिना बुलॉइड्सची आजची कवचे तळाच्या गाळातल्या, औद्योगिक काळापूर्वीच्या कवचांहून ३० ते ३५ टक्के हलकी असल्याचे नोंदवले होते. या फरकाचे सगळे माप आम्लीकरणाच्या पदरात घालणे घाईचे होईल. तापमान आणि प्राणवायूही या काळात बदलले आहेत. पण दूरदूरच्या दोन महासागरांत, दोन वेगळ्या पद्धतींनी, बदलाची दिशा एकच दिसावी, याला मी पुरावा मानतो.

सर्वांत आकर्षक आक्षेप भूशास्त्राचा आहे. क्रिटेशस काळात हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या कितीतरी पट होता, आणि तरी त्याच काळात कॉकोलिथोफोरांच्या चकत्यांचे थर साचून इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे तयार झाले. मग आजच काय बिघडते? बिघडते ते वेगामुळे. कार्बन लाखो वर्षांच्या संथ गतीने वाढतो तेव्हा खडकांची झीज होऊन नद्यांमधून क्षार समुद्रात येतात, तळाचा चुनखडीचा गाळ थोडा विरघळतो आणि कार्बोनेटची पातळी सावरली जाते. सामू उतरलेला असूनही कवचाला पाणी मारक होत नाही. हे सावरणे हजारो वर्षांचे काम आहे. आपण दोन-अडीच शतकांत जे करतो आहोत त्याच्याशी ते जुळूच शकत नाही. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी, पॅलिओसीन आणि इओसीनच्या सीमेवर, कार्बन काही हजार वर्षांत वाढला तेव्हा खोल समुद्राच्या तळावरच्या फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती नामशेष झाल्या. आजचा वेग तेव्हाच्या साधारण दहापट आहे. त्या घटनेत पृष्ठभागाजवळचे बरेच जीव तगले, हे खरे. पण त्यांना मिळालेली सवड आजच्या जिवांना मिळणार नाही.

उत्क्रांती मदतीला येईल का? थोडी येईल, आणि सर्वांना सारखी नाही. कॉकोलिथोफोरांच्या ५०० पिढ्या वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवल्यावर त्यांचे बांधकाम पुन्हा काहीसे सुधारले, असे काई लोबेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले. त्या शैवालाची पिढी मात्र दिवसाभराची असते. सागरी फुलपाखराला एक पिढी पुरी करायला वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागते. शतकाच्या अखेरपर्यंत त्याच्या वाट्याला जेमतेम ५०-७५ पिढ्या येतील. खाड्यांमध्ये सामू एका दिवसात ०.१ हून जास्त हेलकावतो, तिथले जीव जगतातच ना, असेही विचारले जाते. जगतात, कारण त्यांच्या पूर्वजांनी तसेच दिवस काढले आहेत. खुल्या समुद्राचे वैशिष्ट्य त्याच्या स्थैर्यात होते. हवाई बेटांच्या उत्तरेला ‘अलोहा’ नावाच्या ठिकाणी १९८८ पासून सातत्याने मोजमाप चालू आहे. तिथे सामू वर्षाला साधारण ०.००२ ने उतरतो आहे. ऋतूंचे छोटे चढउतार सोडले तर त्या आलेखाला एकच दिशा आहे.

आपल्या अरबी समुद्राशी याचा संबंध दूरचा नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळपासून कर्नाटक-गोव्यापर्यंत खालचे पाणी वर येते. त्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, आणि ज्या कुजण्याने प्राणवायू संपतो त्याच कुजण्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणून ते पाणी कवचाच्या दृष्टीने आधीच कमकुवत असते. वरून विरघळणारा नवा कार्बन त्यात भर घालतो. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घेत आली आहे. अशा नोंदींना वर्तमानपत्रात मथळा मिळत नाही, पण तीस वर्षांची सलग नोंद मध्येच तुटली तर ती पुन्हा कोणालाही लिहिता येत नाही. तिच्यासाठी निधी मागणे हे वाचकाचेही काम आहे.

व्हिस्की क्रीकच्या केंद्राने आपला प्रश्न तात्पुरता सोडवला. पाण्याची सतत तपासणी सुरू केली, आणि टाक्यांतल्या पाण्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मिसळायला सुरुवात केली. टाकीत ते जमते. खडकांची पूड टाकून समुद्राची अल्कता वाढवण्याच्या योजनाही आता मांडल्या जात आहेत, पण त्यासाठी दर वर्षी अब्जावधी टन खडक फोडावा, दळावा आणि वाहून न्यावा लागेल. वातावरणात कण फवारून सूर्यप्रकाश परतवण्याच्या कल्पनेने तापमान काही काळ रोखता येईलही. हवेतला कार्बन तसाच राहील आणि समुद्र तो पीतच राहील. म्हणून हवामानावरचा कोणताही उपाय तुमच्यापुढे आला, मग तो सरकारचा असो की एखाद्या कंपनीचा, की त्याला आधी एवढेच विचारा: याने हवेत जाणारा किंवा हवेत साठलेला कार्बन कमी होतो का? उत्तर नाही असेल, तर खुल्या समुद्रातल्या कवचांसाठी त्या उपायाचा काहीही उपयोग नाही.